पर्लचं नाक

हॉइट लेडबेटरच्या संशयातून कोणी सुटलेलं नव्हतं. पेट्रोल पंपाचा आकडा, चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारे, टीव्हीवर हवामान सांगणारी बाई, सगळे त्याच्या मते आतून एकमेकांना मिळालेले होते. आणि गेल्या जानेवारीत तापातून उठल्यापासून त्यात नाश्त्याच्या सॉसेजची भर पडली. बायको स्वस्तातला माल आणते आणि आपल्याला सांगत नाही, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं.

"तेच आहे," व्हर्ना तव्यावरून नजर न काढता म्हणायची. "तोच दुकानदार, तेच डुक्कर."

"डुक्कर तेच असेल. दुकानदार बदललाय. आत भुसा भरतोय."

"मग खाऊ नकोस."

"आणि कॉफी? कॉफीत काय घालतेस?"

"घालावंसं वाटतं कधी कधी," व्हर्ना म्हणायची आणि त्याच्यापुढे ताट आदळायची.

पाइनी फोर्क वस्तीला हे सगळं ठाऊक होतं आणि कोणी मनावर घेत नव्हतं. कारण दक्षिण जॉर्जियातल्या त्या पाइनच्या जंगलात, कुलपाच्या फाटकाआड जी काही घरं होती, त्या घरांतल्या लोकांना हॉइटवाचून गत्यंतर नव्हतं. पूर्वी ती सगळी जमीन एका मालकाची होती आणि हॉइटचे वडील त्याची शिकारी कुत्री सांभाळायचे. मालक गेला, वारसांनी तुकडे पाडले. घराबरोबर तळ्यात मासे धरायचा आणि जंगलात लावे पक्षी मारायचा हक्क, अशी ती विक्री होती. अटलांटाचे वकील, मेकनचे डॉक्टर, निवृत्त झालेले बँकवाले येऊन राहिले. येताना भारी बंदुका आणि त्याहून भारी कुत्री घेऊन आले, आणि दोन्ही कसं वापरायचं ते मात्र हॉइटला विचारू लागले. त्यांची कुत्री हॉइटच्या केनेलमध्ये, म्हणजे पत्र्याच्या श्वानगृहात राहायची. तो ती अंगणात बाहेर आणून द्यायचा, संध्याकाळी अंगणातच परत घ्यायचा. आत कोणाला येऊ देत नसे. लोक आत आले की कुत्री बिघडतात, असं त्याचं म्हणणं होतं.

लाव्याची शिकार बंदुकीची नाही, नाकाची. पक्षी गवतात दबून बसतो. कुत्र्याला त्याचा वास लागला की ते जागच्या जागी थिजतं, एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक पक्ष्याच्या रोखानं. हा पॉइंट. मागून येणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याला काही वास आलेला नसतो, तरी पुढच्याला थिजलेलं पाहून त्यानंही थिजायचं. याला आमच्याकडे मान देणं म्हणतात. मान न देणारं कुत्रं कितीही तरबेज असो, त्याला कोणी ठेवत नाही. मग हॉइट डोक्यावरची टोपी काढून उंच धरायचा, "पॉइंट!" म्हणायचा आणि पुढे जाऊन पक्षी उठवायचा. पक्षी उठला नाही तर तो रिकामा पॉइंट. टोपी उंच केलेली सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे ती परत डोक्यावर घालताना माणसाला फार जड जाते.

हॉइटच्या टोपीवर तशी वेळ क्वचितच आली होती, कारण त्याच्याकडे पर्ल होती. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग असलेली पॉइंटर कुत्री. वडिलांनी जी एक कुत्री जिवापाड जपली होती तिच्या वंशातली ही शेवटची. बाकीची म्हातारी होऊन गेली, काही सापानं नेली. अलाबामातल्या एका माणसाकडे तोलामोलाचा नर होता, आणि शिकारी कुत्र्यांच्या नोव्हेंबरच्या मेळाव्यात पर्ल चांगली धावली तर वसंतात जोड लावू, असं त्यानं कबूल केलं होतं. नाही धावली तर नाही. पर्लचं वय उताराला लागलं होतं, पुढच्या वर्षाचा भरवसा नव्हता. थोडक्यात, त्या मेळाव्यात पर्लचं नाक चाललं तर वडिलांचा वंश राहणार होता आणि नाही चाललं तर संपणार होता. हॉइट हे कोणाला बोलून दाखवत नसे. व्हर्नालाही नाही, पण व्हर्नाला माहीत होतं.

मार्चमध्ये शेजारच्या तालुक्यात कुत्र्यांच्या पिल्लांत रोगाची साथ आली. हॉइटनं केनेल धुवायला पाइनच्या तेलाचं फिनेल आणलं. आणल्या दिवसापासून त्याच्या मनात पाल चुकचुकली. पूर्वी झाकणभर टाकलं की डोकं भणभणायचं. आता अर्धी बाटली बादलीत ओतली तरी काही नाही. दुकानदार पाणी मिसळतोय, हे उघड होतं. हॉइटनं भांडण केलं, दुसऱ्या दुकानातून बाटल्या आणल्या. त्यांचीही तीच गत. चोर सगळेच, मग आपणच दुप्पट ओतायचं, आणि दुप्पटनं भागलं नाही की आणखी. व्हर्ना त्याचे कपडे मागच्या ओसरीवर वेगळे धुऊ लागली आणि त्यावरून कटकट करू लागली. बायकोच्या कटकटीकडे लक्ष न देण्याची हॉइटला जुनी सवय होती.

जूनमध्ये तळ्याकाठचं घर एका शिकागोच्या माणसानं घेतलं. नाव कॅसिमिर लेनार्ट. एकटाच. सामानात कुत्रं नाही, बंदूक नाही. फक्त काडीसारखी बारीक गळकाठी. पहाटे केनेलच्या मागच्या वाटेनं तळ्याच्या पलीकडच्या काठाला जायचा, बास मासा धरायचा, हातात घेऊन बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

प्रेस्टन वेदर्सनं हे पाहिलं. प्रेस्टन म्हणजे आमच्या रहिवासी मंडळाचा अध्यक्ष, विम्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला गोल गरगरीत गृहस्थ. तो सरळ हॉइटकडे आला.

"सोडून द्यायचा तर धरतो कशाला?"

"सरावासाठी," हॉइट म्हणाला.

"कसला सराव?"

"तेच बघायचंय."

आणि हॉइट डोळ्यांत तेल घालून बघू लागला. कुत्र्यांच्या वस्तीत माणूस कुत्र्याशिवाय येतो म्हणजे काय? खाणावळीत येऊन कोणी पाणी पिऊन बसून राहिलं तर मालक त्याच्याकडे बघणारच.

ऑगस्टमध्ये एकदा लेनार्ट स्वतः केनेलच्या दाराशी आला. उन्हानं पत्रा तापला होता. नाकाला रुमाल, डोळे लाल.

"मिस्टर लेडबेटर, जरा बोलायचं होतं. आत कुत्र्यांना..."

"तुमचं कुत्रं आहे इथं?"

"नाही. होतं माझं. ते..."

"मग तुम्ही तळ्याचं बघा. कुत्र्यांचं मी बघतो."

लेनार्टनं डोळे पुसले आणि तो गेला. रात्री जेवताना हॉइट व्हर्नाला म्हणाला, "नजरेला नजर देईना. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. कशाचं पाणी, सांग."

"दुःखाचं असेल, बापडा एकटा आहे."

"दुःखाचा माणूस रुमाल तोंडाला लावून कशाला येईल? चेहरा लपवायला आला होता."

व्हर्नानं हात टेकले.

हंगामापूर्वीचा सराव ऑक्टोबरात सुरू झाला आणि पहिल्याच सकाळी प्रेस्टनचा जेब, चांगला शिकलेला कुत्रा, लाव्यांच्या थव्यात पाय घालून पुढे गेला. पक्षी भर्रकन उडाले आणि जेब बावचळून बघत राहिला. हॉइटनं त्याचा दोष वाऱ्याला दिला. मग डॉक्टरांची कुत्री तशीच गेली. आणि मग एका निवांत, ओलसर, वासाला अगदी छान अशा सकाळी पर्लनं पॉइंट केला. हॉइटनं टोपी उंच केली, पुढे गेला, गवत तुडवलं, आणखी तुडवलं. काही नाही. पर्ल त्याच्याकडे बघत होती. तिलाही कळत नव्हतं. त्यानं टोपी घातली आणि तिच्या गळ्यातला पट्टा धरून तिला गाडीपर्यंत चालवत आणलं. 

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला केनेलच्या मागच्या भिंतीतली लाकडी झडप उघडी दिसली. काडी लावून उघडी ठेवलेली. आदल्या संध्याकाळी ती बंद असलेली त्यानं स्वतः पाहिली होती. उन्हाळाभर तो झडपा बंदच ठेवायचा, कारण उघडी झडप म्हणजे कोणालाही हात घालायला वाट.

आता मात्र त्याच्या अंगातून वीज गेली. कोणीतरी येतंय. आत काहीतरी टाकतंय. त्यानं कुत्र्यांच्या खाण्याची भांडी फेकून नवी आणली, आख्खं केनेल दोनदा फिनेलनं धुतलं, झडपेला तार बांधली. सकाळी तार सोडून नीट गुंडाळून खिळ्याला अडकवलेली आणि झडप उघडी. चोर तार तोडून टाकतो, गुंडाळून ठेवत नाही, हे त्याच्या मनात आलंसुद्धा. पण संशयाचं गणित निराळं असतं. 'किती थंड डोक्याचा माणूस आहे बघा,' असं तो स्वतःशीच म्हणाला आणि बाहेर ओल्या मातीत बुटांचे ठसे बघत बसला. ठसे तळ्याच्या वाटेला लागले होते.

त्यानं प्रेस्टनला सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, फक्त एवढंच म्हणाला, "माझ्या कुत्र्यांची नाकं कोणीतरी मारतंय. तळ्याकडून येतं ते."

बस्स. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथं तर सगळ्या वस्तीचं तोंड एक झालं. हॉइटला वास लागला म्हणजे पक्षी आहेच. कोणी विचारलं नाही की तू पाहिलंस का, काय पाहिलंस. शनिवारी तळ्यावर कॅटफिश तळायचा बेत होता. लेनार्टही आला, उकडलेल्या करंज्यांसारखे बटाटा भरलेले काही पदार्थ मोठ्या थाळीत घेऊन. त्याच्या आईची रीत होती म्हणे. थाळी टेबलावर ठेवली तशी राहिली. लोक कॉर्नब्रेडला हात घालत, कोलार्डच्या भाजीला हात घालत, आणि थाळीपाशी आले की हात वळवत. डॉक्टरीणबाई तर आपल्या नातवाला म्हणाल्या, "ते नको रे, बाळा." जरा मोठ्यानंच. लेनार्टनं ऐकलं. शेवटी थाळी झाकून घेऊन गेला. त्याचा चेहरा पाहून हॉइटला समाधान वाटलं, आणि त्या समाधानाचीही त्याला किंचित शंका आली, पण ती त्यानं पुढे नेली नाही.

गुरुवारी संध्याकाळी रहिवाशांची सभा ठरली. लेनार्टचा तळ्याचा आणि जंगलाचा हक्क काढून घ्यायचा. मग तो घर विकून आपोआप जाईल.

"तू फक्त उभं राहून सांग," प्रेस्टन म्हणाला. "बाकी आम्ही आहोत."

"पुराव्यासकट सांगतो," हॉइट म्हणाला. "हात झडपेत असताना धरतो त्याला."

गुरुवारी झुंजुमुंजू होण्याच्या सुमारास तो केनेलच्या मागे ओंडक्यावर दबा धरून बसला. अंगावर जुना कोट, हातात काठी. थोड्या वेळानं गवतातून एक स्कंक लुटूलुटू चालत आला, मांजराएवढा, काळा, पाठीवर पांढरा पट्टा, आणि हॉइटच्या बुटापाशी जमीन उकरू लागला. "चल, हो," म्हणून हॉइटनं बुटानं त्याला ढोसलं. स्कंकनं शेपूट वर केली, पाठ फिरवली आणि निघून गेला. पँट गुडघ्याखाली ओली झाली. दव असेल, असं हॉइटला वाटलं. त्याचं सगळं लक्ष वाटेकडे होतं.

लेनार्ट आला. गळकाठी भिंतीला टेकवली, झडपेची तार सोडली. हॉइटनं झेप घालून त्याची कॉलर धरली.

"सापडलास. काय घालतोस त्यांना? बोल."

लेनार्टनं दचकून बाही नाकावर धरली आणि मान जेवढी मागे नेता येईल तेवढी नेली.

"मिस्टर लेडबेटर, तुमच्यावर स्कंकनं घाणीची पिचकारी मारलीय."

"विषय बदलू नकोस."

"नाही हो, पँट भिजलीय तुमची. मला तो वास तळ्याच्या वळणापासून येतोय."  तो हॉइटच्या चेहऱ्याकडे बघू लागला. "तुम्हाला येत नाही वास?"

"कसला वास?"

आत कुत्री कण्हल्यासारखी करत होती. लेनार्ट हळू आवाजात म्हणाला, "आणि आतला? आतला तरी येतो का?"

"आत काय आहे?"

"फिनेल. इथून नुसतं चाललं तरी डोळे वाहतात माझे. म्हणून झडप उघडतो मी. त्यांना हवा मिळावी म्हणून. तुम्हाला सांगायला आलो होतो ऑगस्टमध्ये, तुम्ही बोलू दिलं नाहीत. माझी म्हातारी कुत्री होती, तिच्यासाठीच हे घर घेतलं होतं. इथं यायच्या आधीच गेली. ही आत खोकतात ते ऐकवत नाही मला."

हॉइटनं कॉलर सोडली. वाकून ओली पँट बोटांनी चोळली आणि बोटं नाकाशी नेली. भिंत हुंगावी तसं, काहीच नाही. मग तो आत गेला, फिनेलची बाटली उघडली, तोंड नाकपुडीला लावून खोल श्वास घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, घसा जळला, पण वास नाही. मग सॉसेज आठवलं. मग कॉफी. मग जानेवारीचा ताप. मग बादलीत उपड्या केलेल्या सगळ्या बाटल्या एकामागून एक आठवल्या.

पर्ल जाळीपाशी येऊन उभी होती. त्याच्या बोटांना तिनं नाक लावलं आणि शिंकली. हॉइट तिथंच ओल्या फरशीवर बसला. त्याला इतकं भय आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. बाहेरून कोणी आलंच नव्हतं. जे केलं होतं ते त्यानंच केलं होतं.

घरी व्हर्नानं त्याला ओसरीच्या पायरीवरच थोपवलं. "तिथंच थांब. आत पाऊल टाकलंस तर बघ. अख्खा स्कंक मांडीवर घेऊन बसला होतास का?"

"व्हर्ना, माझ्या कपड्यांना फिनेलचा वास यायचा?"

"वसंतापासून ओरडतेय मी. मला वाटलं, तू ऐकून न ऐकल्यासारखं करतोस."

"ते तर करतच होतो," हॉइट म्हणाला. मग म्हणाला, "मला काहीच येत नाही, व्हर्ना. कशाचाच. सॉसेज बरोबर होतं तुझं."

 तसल्या वासातही खाली येऊन व्हर्नानं त्याच्या डोक्यावरची टोपी काढली आणि त्याचे विस्कटलेले केस नीट केले.

संध्याकाळच्या सभेला तो गेला तेव्हा तीनदा अंघोळ झाली होती आणि तरीही त्याच्या आजूबाजूच्या खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या. लेनार्ट दाराजवळ एकटा बसला होता, टोपी गुडघ्यावर. प्रेस्टननं घसा साफ केला. "हॉइट, सांग सगळ्यांना."

हॉइट उभा राहिला. त्यानं टोपी काढून उंच धरली. सभेतलं कुजबुजणं थांबलं, कारण ती खूण फाटकाच्या आत सगळ्यांना कळायची.

"रिकामा पॉइंट," तो म्हणाला. "पक्षी नव्हताच तिथं."

"म्हणजे काय? झडप कोण उघडत होतं?"

"हाच. आणि बंद कोण करत होतं, ते विचार. मी. फिनेल मी ओतत होतो, माझं नाक गेलंय म्हणून मला ते कळत नव्हतं. यानं ती झडप उघडली नसती तर तुमची कुत्री पार कामातून गेली असती."

प्रेस्टन लाल झाला. "अरे, पण आम्ही तुझ्या शब्दावर एवढं सगळं..."

"हो. मान दिलात. कुत्र्यांना मान द्यायला मी शिकवतो. तुम्हाला कोणी शिकवलं?"

 डॉक्टरीणबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. हॉइटनं टोपी घातली आणि दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला. लेनार्टनं बाही नाकावर धरली, पण उठला नाही.

त्यानंतर झडपा उघड्याच राहिल्या. नुसत्या पाण्यानं फरशी धुतली गेली. कुत्र्यांची नाकं परततील की नाही हे मात्र कोणालाच सांगता येईना, आणि हॉइटला आता एक नवी धास्ती लागली. इतके दिवस तो जगावर संशय घ्यायचा, आता तो स्वतःवर घेऊ लागला. काहीही करायच्या आधी थबकायचा.

मेळाव्याच्या दिवशी अलाबामाचा माणूस घोड्यावर बसून बघत होता. पर्ल निघाली तशी बरी धावली, पण पाइनच्या उतारावर, जिथं कधी कोणी लावे पाहिले नव्हते अशा उजाड गवतात ती एकाएकी थिजली. पाय उचललेला, शेपूट ताठ. मागच्या लोकांत कोणी पुढे सरकलं नाही. बंदूकवाल्यांनी बंदुका खांद्यावरून उतरवल्या नाहीत. एकदा हात पोळलेले ते, आता हॉइटच्या शब्दावर कोणी थिजणार नव्हतं. हॉइटनं टोपीला हात लावला आणि हात तिथंच राहिला. जागा रिकामी दिसत होती. पुन्हा रिकामी निघाली तर वंश गेलाच, वर सगळ्यांसमोर हसं. टोपी उचलली नाही, पर्लला हळूच पुढे हाकललं, तर कोणाला काही कळणारही नव्हतं.

इतक्यात मागून जेब धावत आला. त्याला पर्ल दिसली आणि तो जागीच उभा राहिला. त्याला वास आला नव्हता. पर्ल उभी आहे, एवढं त्याला पुरेसं होतं.

हॉइटनं टोपी उंच धरली. "पॉइंट!"

पाऊल टाकलं. काही नाही. आणखी एक टाकलं. गवत तुडवलं. काही नाही. तिसऱ्या पावलाला पायाखालची जमीनच उठावी तसे लावे भर्रकन उडाले, एवढे की बंदूकवाल्यांना बंदूक खांद्याला लावायचीही शुद्ध राहिली नाही. हॉइटनं पक्ष्यांकडे पाहिलं नाही. तो पर्लकडे बघत होता. ती तशीच उभी होती, थरथरत, नाक वाऱ्यावर.

प्रेस्टन हात मिळवायला आला. हॉइटनं हात मिळवला, आणि तो गेल्यावर शेजारी उभ्या व्हर्नाला म्हणाला, "एवढा गोड बोलतोय. काहीतरी हवं असणार त्याला." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

अलाबामाच्या माणसानं शब्द पाळला. वसंत सरता सरता पर्लला पिल्लं झाली आणि पिल्लांसाठी केनेल पुन्हा फिनेलनं धुवावं लागलं. तेव्हापासून हॉइट रोज पहाटे बादली घेऊन मागच्या वाटेवर उभा असतो. लेनार्ट गळकाठी टेकवतो, बादलीवर वाकतो, हुंगतो.

"जास्त झालंय. पाणी घाला थोडं."

हवामान सांगणाऱ्या बाईवर ज्यानं कधी विश्वास ठेवला नाही, तो हॉइट लेडबेटर बादली उचलून नळाकडे जातो आणि पाणी घालतो.